खंड्याची मान

३ डिसेंबर, बुधवार

आज दुकानात खरंखुरं मोठं गिऱ्हाईक आलं. नाहीतर आमच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात येतं कोण? शाळांचे मोनोग्राम, लग्नातल्या उपरण्यांवर नवरानवरीची नावं, आणि नाशिकरोड आहे म्हणून अधूनमधून लष्करातली मुलं छातीवरच्या नावपट्ट्या भरून घ्यायला येतात. हे साहेब मात्र वायुसेनेतले. विंग कमांडर धनराज बोरस्ते. निवृत्त होऊन आता गंगापूर रोडला राहतात. ताठ, उंच, पांढऱ्या मिशा. मला ‘ताई’ म्हणाले. खुर्ची मी स्वतः पुसून दिली.

त्यांच्या जुन्या हेलिकॉप्टर स्क्वाड्रनच्या लोकांचा मेळावा एकवीस तारखेला इथेच नाशिकला आहे. सगळ्यांच्या कोटावर लावायला स्क्वाड्रनचं चिन्ह भरून हवंय. नमुना म्हणून एक जुना बॅज दिला, रंग उडालेला, कडेचा दोरा सुटलेला. तो देताना त्यांनी प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी दिला.

चित्र गमतीचं आहे. निळा खंड्या पक्षी, पंख पसरून हवेत एका जागी थांबलेला. खाली बर्फाची दोन शिखरं. पंजातून एक दोरी खाली सोडलेली, तिच्या टोकाला मोठा वेढा, रिकामाच. सगळ्यात खाली लिहिलंय ‘पुनरागमनाय’. आणि मान? मान पार मागे फिरलेली! अंग पुढे आणि नजर मागे.

मी म्हटलं, “खंड्या का हो साहेब? गरुड, ससाणा असलं काही मिळालं नाही?”

ते हसले. “गरुड सगळेच घेतात ताई. हवेत एका जागी थांबून खाली टक लावून बघतो तो खंड्या. हेलिकॉप्टरचं कामच ते. आणि त्याची मान आहे ना...” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

परत आले ते थेट माझ्याकडे कामाला असलेल्या स्नेहाच्या मागे जाऊन उभे राहिले. ती संगणकावर कुठल्याशा शाळेचं कमळ बसवत होती. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अंबडला माझ्या भाच्याचा गणवेशांचा कारखाना आहे, मयुरेशचा. डिझाईनला चांगला माणूस शोधतोय तो. तुझं नाव सांगू का बेटा?” स्नेहा लाजून लालेलाल. मी म्हटलं, “अहो साहेब, आमची मुलगी पळवताय की काय!” सगळे हसलो. मीसुद्धा हसले.

५ डिसेंबर, शुक्रवार

स्नेहानं पंचिंग पूर्ण केलं. पंचिंग म्हणजे चित्राचा एकेक टाका संगणकावर बसवायचा, मग मशीन तसं भरत जातं. इतकी वर्षं दुकान चालवते, पण मला ते अजून येत नाही. मी दोरे बघते, रंग बघते, गिऱ्हाइकांशी बोलते. बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही.

तर पहिला नमुना भरून निघाला आणि माझं मन लागेना. ती मान! आमच्या घरात मागे वळून बघणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. हे रामकुंडावर दहाव्याचे विधी करतात. विधी आटोपले की यजमानांना सांगतात, आता सरळ घरी जा, मागे वळून पाहू नका. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकतेय. आणि ही साठी-सत्तरीची माणसं छातीवर मागे वळलेला पक्षी लावून मिरवणार? मला कसंतरीच झालं. पूर्वी कधीतरी कुणाच्या हातून उलटं भरलं गेलं असणार, आणि तेच आंधळेपणानं चालत आलं असणार. बायकांना विचारतं कोण अशा ठिकाणी!

शिवाय खाली लिहिलंय काय? पुनरागमनाय. गणपती उठवताना हे म्हणतातच की. परत येण्यासाठी. परत येणारा माणूस घराकडे बघेल की मागे?

मी स्नेहाला म्हटलं, “मान सरळ कर गं त्याची.”

ती म्हणाली, “काकू, साहेबांना एकदा विचारूया का? मी फोटो पाठवते.”

“त्यात विचारायचं काय? त्यांना ऐन वेळी छान वाटेल. आणि मला शिकवू नकोस.”

तिनं एवढंसं तोंड करून मान सरळ केली. पण केली सुंदर. खंड्या आता कसा ऐटीत दिसतो! शुभ वाटतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बॅज तयार. साहेबांचा ड्रायव्हर खोका घेऊन गेला. वर मी एक पुडी ठेवली होती, प्रसादाची.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, एका अख्ख्या स्क्वाड्रनची चूक मी सुधारली. हे वरणभात कालवत म्हणाले, “त्यांना विचारलंस का?” घ्या! सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न.

१५ डिसेंबर, सोमवार

लिहू की नको असं झालंय. कुणाला दाखवायचं थोडंच आहे, लिहिते.

सकाळी बोरस्ते साहेब आले. नमस्कार नाही, काही नाही. बॅज काउंटरवर ठेवला. जुनाही ठेवला शेजारी. म्हणाले, “ताई, ही मान कुणी फिरवली?”

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. पण ते अगदी हळू बोलले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर दहाव्याची नि शुभ-अशुभाची गोष्ट काढायची हिंमत झाली नाही. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “अगं बाई! साहेब, हे पोरीच्या हातून झालं असणार. नवीन आहे ना.”

नवीन! बारावीची परीक्षा दिल्या दिल्या माझ्या दुकानात आलेली मुलगी ती.

स्नेहा मशीनपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी दोऱ्यांच्या रिळांकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, “सॉरी सर.”

बस्स, एवढंच. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं म्हटलं, नवीन करून देते, एकवीसच्या आत देते, काळजी करू नका. ते “बघू” म्हणाले. जुना बॅज काउंटरवरच राहू दिला आणि निघून गेले.

मग मी स्नेहाला म्हटलं, “मनावर घेऊ नकोस गं. गिऱ्हाइकासमोर असं बोलावं लागतं, धंदा आहे.” ती म्हणाली, “हो काकू.” डबा न खाताच घरी गेली. डोकं दुखतंय म्हणाली.

खरं सांगायचं तर मला तिचाच थोडा राग आला. माझ्यावर ओरडली असती तर भांडून मोकळी झाले असते. ते ‘सॉरी सर’ दिवसभर कानात वाजतंय.

१६ डिसेंबर, मंगळवार

स्नेहा आली नाही. फोन केला, उचलला नाही.

दुपारी अंबडहून त्या मयुरेशचा फोन. मामांनी नाव सुचवलंय म्हणाला, मुलगी कामाला कशी आहे? फार अदबीनं बोलला. मी म्हटलं, “मुलगी चांगली आहे हो, पण अजून कच्ची आहे. घाई करते. परवाच एका ऑर्डरमध्ये गोंधळ झाला. वर्षभर माझ्या हाताखाली राहू दे, मग खुशाल न्या.”

यात खोटं काय आहे? गोंधळ झालाच ना? आणि तिच्याच भल्याचं बोलले मी. एवढ्या मोठ्या कारखान्यात एकदम गेली आणि बुजली म्हणजे? शिवाय ती गेली तर हे मशीन चालवणार कोण? पण तो मुद्दा वेगळा.

फोन ठेवून चहा केला. साखर घालायला विसरले आणि तसाच प्यायले.

१७ डिसेंबर, बुधवार

स्नेहा आजही नाही. नवे बॅज करायचे कसे? मीच संगणकापुढे बसले. मान मागे फिरवायला गेले तर खंड्याला दोन चोची आल्या. बंद करून ठेवलं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, तुमची स्नेहा दिसत नाही? म्हटलं, आजारी आहे. किती सहज म्हटलं मी ते.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते मला जन्मात विसरता यायचं नाही.

दुकान उघडलं आणि एक म्हातारबाबा पिशवी घेऊन आत आले. गांधी टोपी, पायात नवे बूट, चावत असावेत, कारण आल्या आल्या काढून बाजूला ठेवले. म्हणाले, “मी केरू गतीर, इगतपुरीकडचा. बोरस्ते सायबांनी पाठिवलंय. कोटाला ह्यो बॅज लावून पायजे.” पिशवीतून काळा कोट काढला. घडी मोडली नव्हती त्याची. आणि खिशातून आमचा बॅज. सरळ मानेचा.

मी म्हटलं, “तुम्हीही हेलिकॉप्टरवर होता का?”

“नाय वो. मी पायदळातला, सैपाकी. पर सायेब म्हनले, केरू, तू आमच्यातलाच. लय वर्सं मनात व्हतं बाई, ह्यो बॅज आपल्या छातीवर असावा. यंदा मिळतोय. खोका आला त्याच दिशी सायबांनी दिला, अजून धड बघितलाबी नाय.” असं म्हणत त्यांनी तो काउंटरवर ठेवला, बोटानं सारखा केला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं. “पर ह्यात कायतरी चुकलंय.”

शेजारी जुना बॅज पडला होता, तो त्यांना दिसला. त्यांनी उचलून कपाळाला लावला.

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

“पार वर, बर्फात आमची चौकी व्हती. कडा कोसळला. आमच्यातलं निम्मं गेलं त्यात. वाचल्याल्यांना न्यायला ह्यांचं हेलिकाप्टर आलं. बारकंसं. आधी जखमी नेलं, मग बाकीचं. जागा संपली अन् मी येकटा ऱ्हायलो. पुढच्या खेपंला नेतो म्हनले. अन् तेवढ्यात आभाळ भरून आलं. त्या वाऱ्यात कोन येतंय? मी धरून चाललो, केरू, संपलं तुजं. हात वर केला व्हता बघा मी त्यांना, तो खाली घेववंना. तसाच वर. हेलिकाप्टर निघालं तवा ते चालवनाऱ्या मोठ्या सायबानं काचंतून मान अशी मागं वळिवली अन् माज्याकडं बघितलं. दिसंनासा होईस्तवर बघतच व्हता.”

“मग?”

“मग काय! आला की परत! जाऊ नका म्हनून वरून सांगितलं व्हतं म्हनं त्याला. तरी आला. बर्फ भुसभुशीत, टेकायला जागा नाय. वरच थांबला हवंत अन् दोरी सोडली. मी वेढ्यात शिरलो अन् डोळं मिटलं. वर घेतल्यावर कोनीतरी माजा हात धरून खाली केला. ते आपलं बोरस्ते सायेब, तवा पोरगेलं व्हतं.”

मी खुर्चीवर बसले. ते सांगत राहिले. हेलिकॉप्टरवाल्यांची तुकडी तेव्हा नवीन होती. बॅजवर खंड्या होता, पण पुढे बघणारा. दोरीबिरी काही नाही. त्या दिवसानंतर मोठ्या साहेबांनी चित्र बदलून घेतलं. मान मागे केली आणि दोरी घातली. ज्याला मागे ठेवून निघालो त्याच्यावरची नजर काढायची नाही, आणि त्याच्यासाठी परत यायचं. वेढा रिकामा, कारण अजून कुणीतरी खाली आहे. मोठे साहेब आता नाहीत.

केरूदादांनी आमच्या बॅजवर बोट ठेवलं. “ह्यो बघा. दोरी लोंबतीय अन् ह्याचं ध्यान भलतीकडं. बाई, ह्यो मला टाकून गेल्याला हाय.”

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं. वर म्हणतात कसे, “पर ऱ्हाऊ द्या. सायबांनी दिलाय, लावा तसाच.” मी सुई परत डबीत ठेवली. म्हटलं, कोट राहू द्या, रविवारी तिथेच आणून देते. बूट हातात घेऊन ते निघाले आणि दारात थांबून म्हणाले, “कुनी केलं वो असं?”

“चुकून झालं,” म्हटलं मी.

आजही! त्या माणसासमोरही! जीभ झडत कशी नाही माझी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. स्नेहावर ढकलल्याचंसुद्धा. हे रामकुंडावर निघाले होते, धोतराचा सोगा हातातच राहिला. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, “मालिनी, आम्ही मागे वळू नका म्हणतो ते गेलेल्या माणसाकडे. आपल्या ओढीनं त्याचा जीव घुटमळू नये म्हणून. जिवंत माणूस मागे राहिला असेल तर वळू नका, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?” मग चपला घालता घालता विचारलं, “ती पोरगी आहे कुठे?”

मी विहितगावला स्नेहाच्या घरी गेले. जाताना पेढे घेतले. का घेतले देव जाणे, रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायची सवय नाही. स्नेहाच्या आईनं दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं आणि आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. म्हणजे घरी सगळं माहीत होतं. स्नेहा कपडे वाळत घालत होती. पुड्याकडे बघून म्हणाली, “पेढे कशाचे काकू?”

काय सांगू? पुडा खाली ठेवला. म्हटलं, “चुकले गं मी. चल परत.”

ती म्हणाली, “मला नका सांगू. मी साहेबांसमोर सॉरी म्हटलं, न केलेल्या गोष्टीचं. तुम्हीही त्यांनाच सांगा. आत्ता. फोन स्पीकरवर ठेवा.”

अशी कधी बोलली नव्हती ती माझ्याशी. मी फोन लावला. साहेबांनी उचलला. मी सुरू केलं, “साहेब, त्या दिवशी जरा गैरसमज...”

“काकू,” स्नेहा म्हणाली, “नीट.”

मग नीट सांगितलं. मान मी फिरवायला लावली. तिनं विचारूया म्हटलं होतं, मी दटावलं. आणि तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं. केरूदादा काय बोलले तेही सांगितलं. बोलताना घाम फुटला होता, डिसेंबरात.

मग साहेब म्हणाले, “ताई, मला त्याच दिवशी कळलं होतं. आपलं दुसऱ्यावर ढकलणारा माणूस त्याच्याकडे बघत नाही. तुम्ही रिळांकडे बघत होतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही परत येता का, ते बघत होतो.” मग म्हणाले, “स्नेहा, बेटा, तू ऐकतेयस ना? तेव्हाच तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं मी. माझंही चुकलं.”

स्नेहा रडली. मला वाटलं आता मी तिला जवळ घ्यावं, पण ती दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, “उद्या येते. केरूबाबांसाठी आणि साहेबांसाठी करते. मग बघू.”

मयुरेशच्या फोनचं मात्र मी बोलले नाही. एका दिवसाला एवढं पुरे असं वाटलं. भित्री मेली.

२० डिसेंबर, शनिवार

दिवसभर मशीन चालू. स्नेहानं मान फिरवली, सकाळीच. मी शेजारी बसून बघत होते. चोच, डोळा, मानेवरच्या पांढऱ्या पट्ट्याचा वळसा. तो पट्टा पिळवटल्यासारखा दिसायला हवा, नाहीतर मान तुटल्यासारखी वाटते, असं ती म्हणाली. नेहमीसारखी मी मध्ये बोलले नाही. दोरे ओवले, कडा कापल्या, चहा आणला.

जेवताना डबा उघडून ती सहज म्हणाली, “अंबडहून काही कळलं नाही. नको म्हणाले असतील.” मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले. ती पुढे म्हणाली, “जाऊ दे. मला तिथं शिकायला मिळालं असतं. आपल्याकडं मी आता जे येतं तेच करते.” आता सांगू, मग सांगू करता करता बॅज झाले, ती घरी गेली.

तिला ठेवून घ्यायचं होतं मला. हे मी लिहिलं नव्हतं कुठेच. मागची पानं वाचली आत्ता. तिच्या भल्यासाठी, तिच्या भल्यासाठी! वाचून स्वतःची किळस आली.

२१ डिसेंबर, रविवार

मेळावा चांगला झाला. मी आणि स्नेहा बॅज घेऊन लवकर गेलो. केरूदादांच्या कोटावर मी माझ्या हातानं टाके घातले. त्यांनी छातीवरचा बॅज वाकून वाकून बघितला, हनुवटी कोटाला लागेपर्यंत. म्हणाले, “आला बघा परत.”

बोरस्ते साहेबांनी भाषणात चिन्हाचा अर्थ सांगितला. मला वाटलं, आता माझीही गोष्ट येणार. जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. पण त्यांनी आमचं दोघींचं नाव घेऊन फक्त आभार मानले, आधी स्नेहाचं, मग माझं. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या मला बोचत होत्या.

जेवणाच्या वेळी साहेबांनी एका तरुणाला पुढे आणलं. “हा मयुरेश.” स्नेहा माझ्या शेजारीच होती, ताट हातात. मयुरेश तिच्याकडे बघून ओशाळं हसला आणि मला म्हणाला, “काकू, तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबलो. पण हे काम बघून तर...”

स्नेहानं विचारलं, “काय म्हणाल्या काकू?”

तो गडबडला. “तसं काही नाही,” म्हणाला. चांगल्या घरचा मुलगा. तिथंच सोडून देता आलं असतं. मी काहीतरी हसून बोलले असते आणि विषय गेला असता, मला येतं ते.

मी म्हटलं, “मी म्हणाले, मुलगी कच्ची आहे. घाई करते. वर्षभर माझ्याकडे राहू दे. स्नेहा, मी खोटं बोलले. तू गेलीस तर माझं दुकान कसं चालेल म्हणून बोलले. मयुरेश, ही माझ्यापेक्षा जास्त जाणते. माझ्याकडे तिला शिकायला आता काही राहिलेलं नाही.”

बोरस्ते साहेब ताटात बघत होते. मयुरेश म्हणाला, “मग उद्या येशील का? दहाला?” स्नेहानं होकारार्थी मान हलवली. ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. ती गाडीला किल्ली लावत होती. म्हटलं, “स्नेहा.” तिनं हेल्मेट चढवलं. पट्टा लावता लावता म्हणाली, “काल दिवसभर तुम्ही शेजारी बसला होता काकू. जेवलो आपण एकत्र.”

एवढंच. म्हटलं, “नीट जा.”

गाडी निघाली. मी हात वर केला. वाटलं, फाटकापाशी वळताना तरी बघेल. रस्त्यावर ट्रक होता म्हणून ती थांबली, दोन्ही पाय टेकून, मान सरळ. मग ट्रक गेला आणि ती गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. का पाहावं तिनं?

किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून केरूदादा आले, अनवाणी, बूट हातात. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट धरून हळूच खाली आणलं.

“हात खाली घ्या बाई,” ते म्हणाले. “चला, जेवन ऱ्हायलंय तुमचं.”